दार लावून शिकलेली आमटी

सासूबाई गावाला निघाल्या त्या सकाळी त्यांनी मला स्वयंपाकघरात उभं करून एकच प्रश्न विचारला. "भात, आमटी, चपाती. येता मा सगळा?"

मी म्हटलं, "येतं, आई."

हे साफ खोटं होतं. लग्न होऊन जेमतेम दोन महिने झाले होते आणि त्या दोन महिन्यांत मी कोथिंबीर निवडणं, कांदा चिरणं आणि ताटं मांडणं यापलीकडे काही केलं नव्हतं. सासूबाईंनीच करू दिलं नव्हतं. नव्या सुनेवर त्यांचं प्रेम होतं आणि आपल्या चुलीवर त्याहून जास्त. पण गिरणीचा संप सुरू होऊन दुसरं वर्ष लागलं होतं, गावची शेती त्यांच्या जावेच्या एकटीच्या अंगावर पडली होती, आणि पेरणीआधी तिथं कुणीतरी पोचायलाच हवं होतं. सासऱ्यांना मुंबई सोडायची नव्हती. गिरणी उघडली आणि आपण इथं नसलो तर, या धास्तीनं ते हलत नव्हते. तेव्हा सासूबाई गेल्या. जाताना मसाल्याची बरणी, कोकमाचा डबा आणि वाळलेल्या तिरफळांची पुरचुंडी कुठं आहे ते दाखवून गेल्या. तिरफळ हा माशांच्या आमटीत घालायचा मसाला, हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

मी मुलुंडची. वडील सरकारी कचेरीत, घरात आई आणि काकू, आणि स्वयंपाकघर पूर्णपणे त्या दोघींच्या ताब्यात. बारा वर्षांची असताना एका एकादशीला मी हौसेनं साबुदाण्याची खिचडी करायला घेतली. साबुदाण्यात पाणी जास्त राहिलं आणि कढईत त्याचा एक गोळा झाला. वडिलांनी तो उलथन्यावर अख्खा उचलून आलेल्या पाहुण्यांना दाखवला. सगळे हसले, मीही हसले. पुढं कित्येक एकादशींना ती गोष्ट सांगितली गेली. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, पण हे आपलं काम नाही असं मी त्यानंतर ठरवून टाकलं. "तू अभ्यास कर," असं आई म्हणायची आणि ते आम्हा दोघींच्या सोयीचं होतं.

साकीनाक्याला एका छोट्या कारखान्याच्या ऑफिसात मी टायपिस्ट म्हणून लागले. नवरा तिथंच ड्राफ्ट्समन होता. त्याचं घर बोरिवलीला, मूळ गाव मालवणकडचं, जात वेगळी, घरात रोज मासे. माझे वडील लग्नाला आले नाहीत. आई आली, सही होईपर्यंत मागं उभी राहिली आणि निघताना मला म्हणाली की जमेल तुला सगळं. कशाबद्दल म्हणाली ते मी विचारलं नाही.

तर सासूबाई गेल्या आणि स्वयंपाक माझ्यावर आला. पहिल्या दिवशी भात खाली लागला आणि वर कच्चा राहिला. दुसऱ्या दिवशी डाळ शिजली नाही. चपात्या थाळीत ठेवल्या की कडेनं उभ्या राहायच्या. आमच्याकडे गॅस नव्हता, नंबर लागायचा होता, आणि वातीच्या स्टोव्हची आच कमी-जास्त कशी करायची हे मला समजत नव्हतं. नवरा "चालतंय गं" म्हणून खायचा आणि दुपारी ऑफिसखालच्या गाडीवर दोन वडापाव जास्त घ्यायचा. ते मला दिसायचं.

सासरे मात्र काहीच म्हणायचे नाहीत. ताटात पडेल ते शेवटच्या शितापर्यंत संपवायचे, उठून स्वतःची थाळी विसळायचे आणि गॅलरीत जाऊन बसायचे. तीस वर्षं त्यांनी सांचेखात्यात मागावर काम केलं होतं. त्या आवाजानं त्यांचे कान गेले होते. समोरच्याचे ओठ बघून बोलणं समजायचं, पण स्वतःचा आवाज किती मोठा आहे ते त्यांना कळत नसे. साधं "पाणी दी" म्हटलं तरी जिन्यापर्यंत जायचं. असा माणूस जेवताना गप्प बसला की घर फारच शांत वाटायचं. त्या शांततेची मला भीती वाटायला लागली. ते एकदा रागावले असते तर बरं झालं असतं.

असे बारा-पंधरा दिवस गेले. मग एका रविवारी नवरा मित्राकडे गेला होता आणि सासरे सकाळीच बाहेर जाऊन वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले. गोराईहून खाडी ओलांडून कोळणी यायच्या आणि आमच्या कॉलनीच्या तोंडाशी टोपल्या मांडून बसायच्या, त्यांच्याकडून आणलेले चार बांगडे. त्यांनी ते मोरीत ठेवले आणि माझ्याकडे बघत उभे राहिले.

मी पाट घेऊन मोरीपाशी बसले. बांगड्यांचे डोळे उघडे होते. मी विळी पुढं ओढली, मग परत मागं सारली. हात पुढं जाईना. किती वेळ तशी बसले होते कोण जाणे. शेवटी मी वर बघितलं आणि त्यांना ओठ नीट दिसतील असं, सावकाश म्हटलं, "बाबा, मला काहीच येत नाही. मी आईंना खोटं सांगितलं."

"माका ठावक आसा," ते म्हणाले. "पयल्याच दिसाक कळला. तू कधी सांगतंस तां बघी होतंय."

मग त्यांनी बाहेरचं दार लावून घेतलं, कडी घातली, धोतराचा काचा मारला आणि ते विळीवर बसले. मला म्हणाले की बघ नीट, मी एक करतो, तीन तू. आणि एक अट. हे कुणाला कळता कामा नये. शेजारी नाही, गावी नाही, आणि सासूबाईंना तर अजिबात नाही. "काम नाय म्हणान घरात बसलंय," ते म्हणाले. "तेच्यात हातात पळी दिसली तर..." पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं. आमच्या मजल्यावर संपातली आणखी तीन-चार माणसं होती. दिवसभर गॅलरीत बसून एकमेकांची उणीदुणी काढणं एवढंच त्यांच्याकडे उरलं होतं. मी मान डोलावली.

त्या दिवशी मी पहिला मासा साफ केला. कल्ले काढताना डोळे मिटले म्हणून ते ओरडले की डोळे मिटलेस तर बोट जाईल. तिसरा बांगडा होईतोवर मी डोळे उघडे ठेवायला शिकले होते.

त्यांना स्वयंपाक कसा येत होता ते मला हळूहळू कळलं. तरुणपणी ते गावाहून एकटे आले, लालबागला गावच्या मंडळींच्या गाळ्यात राहिले. एका खोलीत वीस माणसं, पाळीपाळीनं झोपणारी. जेवण खानावळीत. त्या जेवणानं पोट बिघडून त्यांनी महिनाभर अंथरूण धरलं, तेव्हा त्यांनी आणि आणखी तिघांनी खानावळ सोडली आणि कोपऱ्यात स्टोव्ह मांडला. त्यानंतर सासूबाई मुलांना घेऊन मुंबईला यायला अकरा वर्षं लागली. तेवढी वर्षं ते स्वतःच्या हातचं जेवले. सासूबाईंचं बिऱ्हाड झालं आणि त्यांनी जी पळी खाली ठेवली ती पुन्हा उचलली नव्हती. घरात त्यांना चहासुद्धा करताना कुणी बघितलं नव्हतं, नवऱ्यानंही नाही.

मग दर रविवारी सकाळी नवरा मित्रांकडे गेला की आमचं दार लागायला लागलं. त्यांची शिकवायची रीत वेगळीच होती. माप विचारलं की चिडायचे. मिरच्या किती, धणे किती, हे ते माझ्या तळहातावर ठेवून दाखवायचे आणि मूठ मिटायला लावायचे. "ह्यां वजन ध्यानात ठेव," एवढंच. पाट्यावर खोबरं, धणे, मिरच्या आणि हळद वाटायला मी बसले की मधूनमधून येऊन वाटणाचा कण अंगठा आणि तर्जनीत चोळून बघायचे. सूत बघायची त्यांची तीच सवय होती. "जाडा आसा," म्हणायचे आणि परत जायचे. मी आणखी वाटायची. हात भरून यायचे. एकदा मी रागानं म्हटलं की यापेक्षा बारीक होतच नाही, तर त्यांनी वरवंटा स्वतः घेतला आणि चार हातांत ते लोण्यासारखं करून दिलं.

वाटणात ते चमचाभर भिजवलेले तांदूळ घालायचे. गाळ्यात नारळ एक आणि तोंडं चार, मग रस दाट व्हायला तांदूळ. पुढं नारळ भरपूर मिळायला लागले तरी त्यांच्या हाताला ती सवय राहिली होती. आणि मासे रसात सोडले की पळी घालायला मनाई. टोप दोन्ही हातांनी फडक्यात धरायचा आणि गोल फिरवायचा, म्हणजे तुकडा मोडत नाही. भरलेला, उकळता टोप उचलून फिरवायचा या कल्पनेनंच मी मागं सरायची. पहिल्या तीन वेळा तो त्यांनीच फिरवला. चौथ्या वेळी ते मुद्दाम खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मी हाक मारली, पण पाठ केलेल्या बहिऱ्या माणसाला हाक कशी ऐकू जाणार? रस उतू जायला आला होता. मी टोप उचलला आणि फिरवला. थोडा रस सांडला, एवढंच.

पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागल्या आणि ताजे मासे बंद झाले. तेव्हा सुका जवळा, सुके बांगडे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं असे धडे झाले. भातावर माझा हात बसला. चपात्या त्यांनाही येत नव्हत्या, त्या माझी मी शिकले.

एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही. साधारण तिसऱ्या-चौथ्या रविवारची असेल. आमचा धडा चालू होता, तेवढ्यात दारावर टकटक झाली. त्यांना अर्थातच ऐकू आली नाही. मी हात पुसत बाहेरच्या खोलीत गेले आणि दार फटीएवढं उघडलं. शेजारीण होती, साताऱ्याकडची, पन्नाशीची, आमची तिची भिंत एकच. हातात पळी. तिनं आवाज खाली घेऊन विचारलं, "अगं, तिरफळं ठेचून घालायची म्हणाले की अख्खी? माझ्या कुकरची शिट्टी झाली मध्येच, पुढचं ऐकू आलं नाही."

मी तिच्या हातातल्या पळीकडे बघितलं. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दार लावून, कडी घालून, कुणाला कळू नये म्हणून जे शिकवणं चाललं होतं ते मागाच्या खडखडाटावर मात करणाऱ्या आवाजात चाललं होतं. सगळ्या मजल्याला ते पहिल्या दिवसापासून ऐकू येत होतं. शेजारीण तर पहिल्या रविवारपासून भिंतीपलीकडे तेच करत होती. तिच्या घरच्यांना आता त्यांच्या सातारी रश्शापेक्षा हा आवडायला लागला होता.

"ते त्यांना कळू देऊ नका," मी म्हटलं.

"छे गं," ती म्हणाली. "आम्ही कुणी काही बोललोय का आजवर? गॅलरीतले पुरुषही बोलत नाहीत. रविवारी वास येतो तेवढा घेतात बापडे."

मी तिला सांगितलं की तिरफळं ठेचून, बिया काढून, अगदी शेवटी. ती गेली. आत आले तर सासरे मोठ्यानं विचारत होते की कोण होतं. मी म्हटलं, दूधवाला. पलीकडून शेजारणीच्या हसण्याचा आवाज आला तो मी एकटीनंच ऐकला.

दिवाळीनंतर सासऱ्यांनी गिरणीची वाट बघणं सोडलं नाही, पण साकीनाक्याला एका कारखान्याच्या गाळ्यावर वॉचमनची नोकरी धरली. आमच्या कारखान्यातल्याच कुणीतरी सांगितली होती. दिवसपाळी, सकाळी निघून संध्याकाळी परत, आणि सुट्टी बुधवारची. म्हणजे रविवारचे धडे संपले. पहिल्या रविवारी मी एकटी कोळणीकडे गेले. तिनं मला ताई ताई करत वरचे दोन बांगडे उचलून दिले. मी कल्ला उचकटून बघितला, फिका होता. पोट दाबलं, बोट आत गेलं. मी ते टोपलीत परत ठेवले. कोळणीनं माझ्याकडे जरा निरखून बघितलं, हसली, आणि ओल्या गोणपाटाखालचे काढून दिले. घरी येईपर्यंत मी ताठ चालत होते असं मला आठवतं.

पण एकटीनं करताना चुका व्हायच्या. कधी मीठ विसरायची, कधी आच मोठी राहून तुकडे फुटायचे. संध्याकाळी सासरे आले की टोपाचं झाकण उघडून वास घ्यायचे आणि सांगायचे की आज धणे जास्त भाजलेस. बरोबर असायचं ते. मग त्यांच्यासाठी गरम करून वाढताना मी विचारायची की पुढच्या वेळी काय करू. ते म्हणायचे, "तूच बघ."

एप्रिलमधल्या एका रविवारी मी बांगडे घेऊन आले, नवरा वर्तमानपत्र वाचत पडला होता, आणि दुपारी बाराच्या सुमाराला दारात सासूबाई उभ्या. येत असल्याचं पत्र त्यांनी धाडलं होतं म्हणे, ते त्यांच्यानंतर तीन दिवसांनी पोचलं. सोबत गावचा एक माणूस होता. सासऱ्यांच्याच वयाचा, त्यांच्या गाळ्यात राहिलेला, संपानंतर गावी गेलेला. मुंबईला काही कामानं येत होता म्हणून एसटीत सासूबाईंना सोबत झाली होती. उन्हानं दोघांचे चेहरे काळवंडले होते. सासूबाई हातपाय धुऊन आल्या आणि सवयीनं पदर खोचून स्वयंपाकघराकडे वळल्या.

"आई, तुम्ही बसा," मी म्हटलं. "मी करते."

त्या थांबल्या. मी खोटं बोलले होते हे त्यांना आधीपासून माहीत असावं असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं. पण बसल्या.

बांगडे तीन माणसांपुरते होते आणि जेवायला दोन माणसं वाढली होती. संध्याकाळी येणाऱ्या सासऱ्यांचंही ठेवायचं होतं. मी बांगड्यांचे नेहमीपेक्षा लहान तुकडे केले, वाटण वाढवलं, तांदूळ थोडे जास्त घेतले. कोकमाचा डबा उघडला तर तळाला दोनच पाकळ्या. सासूबाई नवीन घेऊन आल्या असतील हे माझ्या ध्यानातच आलं नाही. टोपलीत एक कैरी होती, मी ती लोणच्यासाठी आणली होती. आई मुलुंडला उन्हाळ्यात डाळीच्या आमटीत कैरीच्या फोडी घालायची. मी कैरी सोलली आणि फोडी रसात सोडल्या. विचार करत बसले नाही. टोप धरून फिरवला, झाकण ठेवलं, भाताकडे वळले. हे सगळं करताना आपल्याला भीती वाटली नाही, हे मला ताटं वाढल्यावर लक्षात आलं.

पाहुण्यानं भातावर रस घेतला, कालवला, पहिला घास घेतला आणि थांबला. दुसरा घास घेतला. मग सासूबाईंकडे बघून म्हणाला, "वैनी, ही तर तुमच्या घोवाच्या हातची आमटी. तांदूळ वाटलेलो आसा ह्येच्यात. गाळ्यात आमच्याकडे असोच करी तो." आणि मग माझ्याकडे बघून, "पण कैरी? कैरी कधी तो घालीत नसे. ही कोणाची?"

"माझी," मी म्हटलं.

एवढंच बोलले, आणि तेही त्यांच्या ताटाकडे बघत. पण तो शब्द माझ्या तोंडून किती सहज निघाला याचं मलाच आश्चर्य वाटलं. पाहुण्यानं परत रस मागितला.

सासूबाई मात्र जेवायच्या थांबल्या होत्या. त्यांनी हळूच विचारलं, "ह्येंच्या हातची म्हणजे?" पाहुण्याला वाटलं, त्यांना हे ठाऊकच असणार. तो मोकळेपणानं सांगत सुटला. गाळ्यातला स्टोव्ह, रविवारची मटणाची सागोती, आसपासच्या गाळ्यांतली माणसं वासानं कशी यायची, लग्नाच्या पंगतीला यांना कसं बोलवायचे. सासूबाई ऐकत राहिल्या. नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं, मी खाली. पाहुणा गेल्यावर सासूबाईंनी भांडी घासली, एकटीनं, मला हात लावू न देता.

सासरे संध्याकाळी आले. बायकोला बघून खूष झाले, गावची चौकशी केली, पावसाची, जावेच्या गुडघ्याची. सासूबाईंनी दोन-तीन उत्तरं दिली. मग त्यांच्या समोर बसून, ओठ दिसतील असं म्हणाल्या, "तुमका जेवण करूक येता."

त्यांनी ऐकू आलं नाही असं दाखवलं. ही युक्ती ते नेहमी वापरायचे. सासूबाईंनी तेच पुन्हा म्हटलं, या वेळी इतक्या मोठ्यानं की गॅलरीतलं बोलणं थांबलं. आयुष्यभर मी त्यांचा आवाज चढलेला त्याच एका वेळी ऐकला. त्या म्हणाल्या की मी पाच बाळंतपणं केली, त्यातली दोन इथं, तापानं फणफणले तरी उठून तुमच्यापुढं ताट ठेवलं. "माका कोणी कधी करून घातल्यान?"

सासऱ्यांनी स्वयंपाकघराकडे बघितलं. मग म्हणाले, त्यांच्या मानानं बरंच हळू, "अकरा वर्सां माझ्याच हातचा खाल्लंय. स्टोव्हपुढं बसान रोज तुझी याद येय. तू इलंस तेव्हा म्हटलंय, आता पुरे. आता हिच्या हातचा खावया."

सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्यांनी विषय सोडला नाही. "तुमचा पुरे झाला," त्या म्हणाल्या. "माझा?"

तेवढ्यात दाराशी शेजारीण आली. तिला राहवलं नसावं. ती सासूबाईंना म्हणाली की वहिनी, हात छान आहे हो त्यांचा, आमच्या घरी वर्षभर त्यांच्या पद्धतीचंच होतंय. सासऱ्यांना ते समजलं नाही म्हणून सासूबाईंनी ते त्यांच्या समोर सावकाश पुन्हा सांगितलं. त्यांनी आळीपाळीनं आम्हा तिघींकडे बघितलं. दाराकडे बघितलं, कडीकडे बघितलं. त्यांना ते कळायला थोडा वेळ लागला. मग ते उठून गॅलरीत गेले आणि तिथल्या माणसांना त्यांनी विचारलं की तुम्हांला पण ठावक होतं काय. कुणीतरी म्हटलं, "काका, आम्ही रविवारची वाट बघायचो." पुढचं मला ऐकू आलं नाही, पण परत आले तेव्हा ते हसत होते.

बुधवारी त्यांची सुट्टी होती. मी ऑफिसातून रजा काढली. सकाळी त्यांनी स्वतः सुरमई आणली, घरात आले आणि दाराकडे गेले. मला वाटलं, सवयीनं लावतील. त्यांनी ते सताड उघडं ठेवलं आणि अडकवायला खाली दगड सरकवला. सासूबाईंनी चटई दारापाशी ओढून घेतली आणि भिंतीला टेकून पाय पसरून बसल्या. त्यांना असं पाय पसरून बसलेलं मी कधी बघितलं नव्हतं. वाटायला मी बसले. शेजारीण वाटी घेऊन सरळ आतच आली आणि विचारायला लागली. सासरे सगळ्यांना सांगत होते, नेहमीच्याच आवाजात.

जेवताना त्यांनी स्वतः सासूबाईंना वाढलं. सासूबाईंनी रस चाखला. सगळे त्यांच्याकडे बघत होते.

"मीठ जरा कमी आसा," त्या म्हणाल्या, आणि तीनदा भात घेतला.

गिरणी त्यांच्यासाठी पुन्हा उघडली नाही. आणखी तीन वर्षं त्यांनी ती वॉचमनची नोकरी केली, मग दोघं कायमची गावी गेली. तोवर आमच्याकडे गॅस आला होता, मुलगी झाली होती, आणि त्या घरात बाळंतिणीचं पहिलं जेवण सासऱ्यांनी केलं होतं. गावाला फोन नव्हता आणि असता तरी त्यांना ऐकू आलं नसतं. त्यामुळे काही अडलं की विचारायला कुणी नसायचं. मी वाटणाचा कण बोटांत चोळून बघायची आणि जे वाटेल ते करायची.

माझे वडीलही पुढं आमच्याकडे यायला लागले. मासे त्यांनी कधी खाल्ले नाहीत, पण काळ्या वाटाण्याचं सांबारं मात्र डब्यात भरून मुलुंडला न्यायचे. एकदा आईनं ते कसं करतेस विचारलं. मी मिरच्या आणि धणे तिच्या तळहातावर ठेवले आणि तिची मूठ मिटली. ती म्हणाली, अगं, पण चमचे किती ते सांग ना. ते मात्र मला सांगता येईना.